ढेकळ्याचा बाप

माझा नवरा लुआन दबाओ मयताला गेला की दारातच उभा राहतो, आत जात नाही. आत गेला की कुणीतरी हसतंच. गुआन मास्तर वारले तेव्हा त्यांची बायको ह्याला बघून फिसकन हसली आणि मग आपण हसलो म्हणून दुप्पट रडली. त्या बाईचा काय दोष? बारा वर्षं हा माणूस तिच्या टीव्हीत कुत्र्याच्या कातड्याची टोपी घालून बरळत होता. हात कापसाच्या कोटाच्या बाह्यांमध्ये खुपसलेले, टोपीचा एक कान वर, एक खाली, डावा पाय ओढत चालायचं आणि कुणी काही विचारलं की म्हणायचं, "नाही, म्हणजे हो, म्हणजे तुम्ही म्हणाल तसं." ह्या सोंगाचं नाव ढेकळ्या. आमच्या ईशान्येकडच्या तीन प्रांतांत ढेकळ्या माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही.

आमचा धंदा दोघांचा. एक बाई, एक पुरुष. गाणं, नाच आणि एकमेकांची उणीदुणी. बाई रुमाल फिरवते, पुरुष मार खातो, लोक टाळ्या वाजवतात. मी यानफन. आठ कोनांचा लाल रुमाल बोटावर गरगरवून प्रेक्षकांच्या डोक्यावरून फेकायचा आणि तो परत बोटावर आणायचा, हे मी सात वर्षांची असल्यापासून करते आहे. दबाओ आमच्या गुरूंकडे आला तेव्हा अठराचा होता. आवाज बरा, अंग लाकडी. गुरू म्हणायचे, "ह्याला दोन दिवस दोरीवर वाळत घाला रे, जरा हलेल तरी." मी त्याच्याशी लग्न का केलं ते मला नीट सांगता येणार नाही. मी शिव्या देताना बाकीची पोरं हसायची, हा लक्ष देऊन ऐकायचा. एवढंच आठवतं.

ढेकळ्या जन्माला आला तो चुकून. छांगछुनच्या एका थिएटरात दुपारचा खेळ होता, बाहेर उणे पंचवीस. प्रेक्षक म्हणजे निवृत्त कारखानेवाले, सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेले. तिसऱ्याच गाण्यात दबाओ शब्द विसरला. मी रुमाल फिरवतेय, वाजवणारे तोच सूर पुन्हा पुन्हा वाजवतायत आणि हा नुसता उभा. मी दातओठ खात म्हटलं, "बोल की मेल्या काहीतरी!" तेव्हा त्याने टोपी काढली. परत घातली. परत काढली. डावा पाय ओढत दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "नाही, म्हणजे हो. म्हणजे तुम्ही म्हणाल तसं, बाईसाहेब." बिया सोलायचा आवाज थांबला. मग सगळं थिएटर कोसळलं.

मी पण हसले. ते सोंग कुणाचं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी तोवर सासऱ्यांना एकदाच पाहिलं होतं, लग्नात, आणि लग्नात ते एक शब्दही बोलले नव्हते.

सासरे, लुआन शौरन, ल्यूगौ गावचे गाडीवान. साधे गाडीवान नव्हेत. सामुदायिक शेतीच्या काळात तीन घोड्यांची गाडी ज्याच्या हातात, तो गावातला पहिला माणूस. जंगलातून ओंडके उतरवायचे ते बाबांनीच. त्यांच्या चाबकाचं टोक समोरच्याच्या ओठातल्या विडीची राख उडवायचं, ओठाला लागायचं नाही. एका हिवाळ्यात ओंडका घसरून डाव्या पायावर आला, तेव्हापासून पाय जरासा मागे राहायचा. जरासाच. नवख्याला कळायचंही नाही. बोलणं अगदी कमी. घोड्यांशी मात्र बोलायचे, असं दबाओ सांगतो.

मग अशा बाबांचं हे गयावया करणं दबाओने उचललं कुठून? हे त्याने मला लग्नानंतर तिसऱ्या वर्षी सांगितलं, तेही पिऊन. तो नऊ वर्षांचा असताना बापलेक मका घेऊन धान्यकेंद्रावर गेले होते. तपासनीसाने पोत्यात सळई खुपसली, चार दाणे दाताखाली चावले आणि म्हणाला, "ओला आहे. ने परत." परत म्हणजे तीस किलोमीटर, बर्फातून, आणि घरी सहा तोंडं त्या मक्याच्या भरवशावर. ज्या माणसापुढे तीन घोडी कान पाडून उभी राहायची, त्या माणसाने टोपी काढली, घातली, परत काढली. होता त्याहून जास्त पाय ओढला. म्हणाला, "नाही, म्हणजे हो, तुम्ही म्हणाल तसं साहेब. ओला असणारच. आमच्या हिला मी बजावलं होतं, मक्यावर बसून रडू नको म्हणून." तपासनीस हसला, हमाल हसले आणि मका आत गेला. बाबा वेड पांघरून पेडगावला जाऊन आले होते. वाटेत ते एक अक्षर बोलले नाहीत. घरी आल्याबरोबर दबाओने आईला सगळी नक्कल करून दाखवली, टोपीसकट. आई पोट धरून हसली. बाबा उठून घोड्यांकडे गेले.

"तेव्हाच मला कळायला हवं होतं," दबाओ म्हणाला. पण कळून सवरून माणूस करतो काय? तोवर ढेकळ्यावर आमचं घर उभं राहिलं होतं.

ढेकळ्या शहरात हॉटेलात जातो, हा आमचा सगळ्यात चाललेला खेळ. मी हॉटेलवाली. आमच्याकडे खेड्यात झोपायचं ते मातीच्या ओट्यावर, खाली चुलीची धग खेळवलेली. तर हा हॉटेलच्या पलंगाखाली वाकून वाकून बघतो.

"बाईसाहेब, खोली झकास. पण सरपण घालायचं भोक कुठंय?"

"भोक नाही."

"मग रात्रभर गार पाठीवर झोपायचं?"

"हो."

"ह्याचे पैसे मी तुम्हाला द्यायचे का तुम्ही मला?"

किंवा आपोआप उघडणाऱ्या दाराचा खेळ. दार उघडलं की हा कमरेत वाकतो, "कशाला त्रास घेतलात साहेब!" आणि भिडेने मागे सरतो. दार मिटतं. हा पुढे येतो, दार उघडतं, हा वाकतो. दहा मिनिटं नुसतं एवढंच. लोक खुर्च्यांवरून खाली यायचे. दबाओची ताकद शब्दांत नव्हतीच, थांबण्यात होती. हसू उठलं की पुढचा शब्द टाकायचा नाही, ते पुरतं उतरू द्यायचं, मग बोलायचं. आमच्या गुरूंनी आम्हाला पहिलं शिकवलं ते हेच. हसण्यावर पाय देणारा नट भिकेला लागतो, असं ते म्हणायचे. दबाओसारखं थांबणं मी दुसऱ्या कुणात पाहिलं नाही.

शहरातले लोक हसायचे ते ठीकच होतं. पण ल्यूगौत गेलो की सान-काकू, म्हणजे तीन नंबरच्या चुलत चुलत्याची बायको, कुंपणावरून ओरडायची, "आला का गं तुझा नवरा? गावाची अब्रू विकून झाली सगळी, का अजून चार किलो शिल्लक आहे?" दबाओ हसण्यावारी न्यायचा. त्याला सान-काकूची भीती नव्हती. भीती एकच होती, बाबांनी ते बघू नये. त्यापायी ह्या माणसाने काय करावं? दर नववर्षाला गावी आला की पहिल्या दिवशी टीव्हीच्या मागची तार काढून खिशात घालायचा. चार वर्षं आमच्या घरचा टीव्ही बरोबर सणाला बिघडत होता. बाबा म्हणायचे, "ह्या टीव्हीला थंडी बाधते."

पाचव्या वर्षी सान-काकूच आली. "दादा, चला माझ्याकडे, लेकाला बघायला. अख्खा देश बघतोय आणि बाप घोड्यांचे नाल मोजतोय!" बाबा उठले. दबाओचं तोंड पांढरं पडलं, पण अडवणार कसा?

सान-काकूच्या ओट्यावर वीस माणसं दाटीवाटीने बसली होती, मध्ये गोठवलेल्या नासपतींचं ताट. ढेकळ्या पडद्यावर आला. आधी सगळे हसले आणि मग एकेक जण गप्प झाला, कारण बाबा समोरच बसले होते. बियांची मूठ तशीच हातात. खेळ संपला. बाबांनी विचारलं, "हा माणूस कोण म्हणायचा?"

कुणी तोंड उघडेना. शेवटी सान-काकूलाच राहवलं नाही. "कोण काय दादा, तुम्हीच की!"

बाबांनी विचार केला. म्हणाले, "पाय डावाच धरलाय. बरोबर आहे." मग आपली टोपी घेतली आणि घरी चालत आले. आम्ही मागे. वाटभर दबाओ म्हणत होता, "बाबा, सोंग आहे ते, नुसतं सोंग आहे," आणि बाबा पुढे चालत होते. मी पहिल्यांदा त्यांच्या पायाकडे नीट बघितलं. ते पाय अजिबात ओढू नये म्हणून जपून टाकत होते.

त्या विषयावर पुढे तीन वर्षं घरात कुणी बोललं नाही. दबाओ गावी कमी जायला लागला. सासूबाई वारल्या तेव्हा गेलो, मग सणालाच, मग सणालाही नाही. कामं फार होती, हे खरं. पण कामं नसती तरी तो गेला नसता, हेही खरं.

मग गावचा सचिव हाओ जागा झाला. शहरातली माणसं सुट्टीला खेड्यात येऊन शेतकऱ्याच्या घरी जेवतात, कणसं मोडतात, फोटो काढतात, ही हवा तेव्हा सगळीकडे सुटली होती. हाओने आमच्या फाटकावर पाटी लावली, 'ढेकळ्याचं मूळ घर'. आणि बाबांना म्हणाला, "लुआनकाका, तुम्ही नुसतं अंगणात बसा हो. अस्सल माल म्हटला की लोक लांबून येतात." आम्हाला हे कळलं ते एका प्रेक्षकाने मोबाइलवर दाखवलं तेव्हा. जुलै महिना, आणि बाबा अंगणात कापसाचा कोट घालून बसलेले. टोपीचा एक कान वर. कुणीतरी मोबाइल समोर धरतो, बाबा त्यात डोकावतात आणि म्हणतात, "हा आरसा कुणाचा? ह्यातला म्हातारा मला बघून हसतोय."

बायका खिदळतात. दबाओने ते तीनदा बघितलं. मग रंगवलेलं तोंड न पुसताच बसस्टँडवर गेला. मी रुमालांची पेटी घेऊन त्याच्या मागे.

अंगणात पोचलो तेव्हा पाहुणे जेवत होते, आंबवलेल्या कोबीचा वास सुटला होता. दबाओने बापाला घरात ओढलंच.

"बाबा, तो कोट काढा आधी."

"का? गरम होतो म्हणून, का तुझा आहे म्हणून?"

"लोक तुम्हाला हसतात."

"तुला हसतात तेव्हा तू वाकून आभार मानतोस. मी बघितलंय."

"माझं सोंग आहे हो ते!"

"आणि माझं काय आहे?" बाबा म्हणाले. "तू केलंस की कला, मी केलं की लाज. असं कसं रे?"

त्यांना इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. दबाओ म्हणाला, "बाबा, त्या दिवशी धान्यकेंद्रावर..." आणि अडकला.

"त्या दिवशी मका खपवला. आता मी खपतो. त्यात काय एवढं?" मग जरा वेळाने, दुसरीकडे बघत म्हणाले, "ह्या बायका येतात, शेजारी बसतात, विचारतात, काका जेवलात का. तुझी आई गेल्यापासून मला कुणी विचारलंय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षातून दोनदा आम्ही खोकाभर सॉसेज पाठवत होतो आणि स्वतःला चांगली मुलं समजत होतो.

दबाओ चार दिवस राहिला. रोज तेच. बाबा कोट घालायचे, हा काढायला लावायचा. त्याचं म्हणणं एवढंच, बाबांनी ढेकळ्या व्हायचं नाही, काय वाटेल ते होवो. मला रडत म्हणाला, "मी ढेकळ्या केला तो बाबांचा. आता बाबा करतायत तो माझा. मी जास्त ओढतो म्हणून तेही पाय जास्त ओढतात. माझा बाप गेला कुठे गं यानफन?" मी म्हटलं, "बाप अंगणात आहे, तूच घरात रडत बसलायस." मला असंच बोलता येतं.

शेवटी बाबांनीच तोडगा काढला. ऑक्टोबरच्या सुट्टीत सात दिवस पाहुण्यांची रीघ असते. ते सात दिवस दबाओने त्यांच्याबरोबर अंगणात खेळायचं. बापलेक. आठव्या दिवशी कोट चुलीत. "मग मी तुमच्या शहरात येतो, नाहीतर इथेच मरतो, पण कोट नाही घालत," बाबा म्हणाले. आणि मग, अगदी हळू, "एकदा तुझ्याबरोबर उभं राहून बघतो." दबाओला फक्त तो कोट चुलीत गेलेला बघायचा होता. तो हो म्हणाला.

ऑक्टोबरात मक्याची कणसं कुंपणावर, छपराखाली, सगळीकडे टांगलेली. पहिल्या दोन दिवसांत बापलेकांचा जम असा बसला की मलाच मत्सर वाटला. मी हॉटेलवाली, दबाओ तिचा नोकर आणि बाबा ढेकळ्या. बाबा वाक्य विसरले की गप्प राहायचे, आणि ते गप्प राहणंही लोकांना आवडायचं. दबाओ चक्क खूश होता. दुसऱ्या दिवशी जेवताना त्याने बाबांच्या वाटीत स्वतःहून मांसाचा तुकडा टाकला. बाबांनी तो खाल्ला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा मला म्हणाले, "सूनबाई, हाताला मुंग्या आल्यात." मी म्हटलं, "चुलीशी बसा जरा, गार पडलं असेल." मक्याची पेज दिली, ती त्यांनी कोटावर सांडली. मी चिडले. "बाबा, तासाभराने लोक येतील, आणि मी आता हा कोट धुऊ कधी?" ते उजवा हात चोळत राहिले. मी ओल्या फडक्याने डाग पुसला आणि त्यांच्या डोक्यावर टोपी चढवली. कानही मीच वर केला.

अंगणात चाळीसेक माणसं बसली होती, बुटक्या स्टुलांवर. मी रुमाल फिरवत म्हटलं, "अगंबाई, गिऱ्हाईक आलं!" आणि बाबा दारातून बाहेर आले. उजवा पाय ओढत.

मी रुमालाआडून पुटपुटले, "बाबा, डावा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला राग आला. इतकी वर्षं स्वतःचा पाय, आणि नेमका आज विसरले?

दबाओने ते उचललं. तो मोठा नट, चुकलेलंही वाया जाऊ देत नाही. "या या, ढेकळेराव! आज पाय बदलून आणलात वाटतं?" लोक हसले. तो थांबला.

बाबांनी तोंड उघडलं. "ब... बा..."

"जीभ गावीच ठेवलीत होय? बरं केलंत. शहरात तिला भाडं पडतं." लोक जोरात हसले. दबाओ थांबला, हसू पुरतं उतरू दिलं.

बाबांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. त्या तोंडाने ते सारखा एकच शब्द काढायला बघत होते आणि तो निघत नव्हता. तो शब्द 'बाओ' होता, दबाओचं लहानपणीचं नाव. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, म्हातारा आज रंगात आहे. मी खेळ पुढे रेटला, दाराचं केलं, पलंगाचं केलं. प्रत्येक वेळी बाबा चुकीच्या जागी काहीतरी करत होते, प्रत्येक वेळी लोक हसत होते आणि प्रत्येक वेळी दबाओ थांबत होता. एकदा बाबांनी डाव्या हाताने त्याची बाही धरली आणि सोडेचनात. खेळात हे नव्हतं. दबाओ माझ्या कानाशी वाकला. त्याचे डोळे चमकत होते. म्हणाला, "बघ, बघ काय करतायत बाबा! मला हे जन्मात जमलं नाही."

मग बाबा बसल्या स्टुलावरून खाली कोसळले. एकजण उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. दबाओ हात बाह्यांत खुपसून उभा होता, हसू उतरायची वाट बघत.

सान-काकू फाटकातून किंचाळली, "अरे मुडद्यांनो, तो दादांचा पाय नाही! त्यांचा डावा आहे, डावा!"

तालुक्याच्या दवाखान्यात पोचायला दोन तास लागले. कोट कात्रीने कापून काढावा लागला. डॉक्टरांनी विचारलं, हे सुरू कधी झालं? दबाओला सांगता येईना. आमच्याबरोबर एक पाहुणी बाई आली होती, तिने सगळं मोबाइलवर घेतलं होतं. ती रडत होती, तिने मोबाइल पुढे केला. डॉक्टरांनी पहिलं मिनिट बघितलं आणि बंद केला. दबाओने पूर्ण बघितला. दारातून बाहेर आल्यापासून पडेपर्यंत सव्वीस मिनिटं. डॉक्टर भला माणूस, त्यांनी समजावलं की सव्वीस मिनिटांनी फार फरक पडला नसता, रस्ताच दोन तासांचा आहे. पण दबाओला ते दोन तास ऐकू आलेच नाहीत. त्याला सव्वीस मिनिटंच ऐकू आली.

सकाळच्या मुंग्यांचं आणि पेजेचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही. सांगायला हवं, हे मला कळतं.

बाबा जगले. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. आम्ही शहरातलं घर सोडून ल्यूगौला आलो. फाटकावरची पाटी दबाओने उपटून काढली. थिएटरवाल्यांचे फोन आले, त्याने घेतले नाहीत. आता तो शाळेच्या बॉयलरवर कोळसा टाकतो. मी कधीमधी लग्नात एकटी रुमाल फिरवून येते.

दोन महिन्यांनी सान-काकू बाबांना बघायला आली. कजाग असली तरी जिवाची आहे. ओट्याच्या कडेला बसली आणि त्यांचं मन रमावं म्हणून स्वतःच्या कोंबड्याची काहीतरी गोष्ट सांगून खळखळून हसली. तेवढ्यात बाबांनी पांघरूण ढकललं. डाव्या हाताने भिंत धरली, उठायला लागले. आम्हाला वाटलं, लघवीला जायचंय. दबाओने भांडं धरलं, त्यांनी ते ढकलून दिलं. त्यांचा हात डोक्याकडे जात होता, टोपी शोधत. सुटलेल्या तोंडाने काहीतरी म्हणत होते आणि डोळे सान-काकूवर, ती जणू चाळीस माणसांत बसलीय.

दबाओ गुडघ्यांवर बसला. "बाबा, खेळ संपला. लोक गेले. बघा, कुणी नाहीये." सान-काकू घाबरून तोंड दाबून बसली होती. तासभर लागला त्यांना परत निजवायला.

पुढे दोनदा असंच झालं. एकदा रस्त्यावरून पोरी हसत गेल्या तेव्हा, एकदा शेजारच्या टीव्हीतलं हसू मोठ्याने ऐकू आलं तेव्हा. दुसऱ्या वेळी ते ओट्यावरून खाली पडले आणि खांद्याचं हाड मोडलं. आता आमच्याकडे कुणी आलं की मी फाटकातच सांगते, आत जा, पण हसू नका. ऐकणाऱ्याला ते इतकं विचित्र वाटतं की त्याला हसू येतं. मग त्याला आत जाऊ देत नाही. हळूहळू लोकांनी येणं सोडलं.

परवा दबाओ चूल साफ करत होता. धुराड्यात डोकं घातलं आणि शिंकला. बाहेर आला तेव्हा तोंड पूर्ण काळं, फक्त डोळे दिसत होते, आणि त्याला काही पत्ताच नाही. मला विचारतो, "काय झालं?" आणि माझं हसू फुटलं. किती महिन्यांनी, कुणास ठाऊक. मी बाही तोंडात कोंबली, तरी आवाज गेलाच. त्याने कळवळून माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघं जिथल्या तिथे उभे राहिलो.

आतून भिंतीला हात घासल्याचा आवाज आला. म्हातारा उठत होता.